शुक्रवारचा अर्ज

स्कॉटलंडमधल्या पीटरहेडच्या मासळी कारखान्यात मुकादम डंकनने शीनाला हातमोजे काढून वर ऑफिसात यायला सांगितलं.

"तुझी दर शुक्रवारची अर्धी सुट्टी मंजूर झाली," तो म्हणाला. "घरी आजारी माणूस असलेल्यांसाठी आपण कॉम्प्युटरचा ऑनलाइन वर्ग चालवतो ना, त्यात तू पहिली आलीस. अर्ज पण तिथूनच पाठवलायस, एकदम नेटका."

शीना एकदाही वर्गाला बसली नव्हती. अर्जही तिने केला नव्हता. कारखान्याने दिलेला टॅबलेट पहिल्याच दिवशी घाबरून तिने आईच्या पलंगाशेजारच्या खणात कोंबला होता. आईला अर्धांगाचा झटका आल्यापासून शिकायबिकायला सवड होती कुणाला?

"फक्त वर्गात कॅमेरा तोंडासमोर धर बाई. सहा आठवडे झाले, शिकवणारीला तुमच्या घरातला छताचा दिवाच दिसतोय."

डोळे मिटले तरी शीनाला तो दिवा दिसला. आईच्या उशीच्या बरोबर वरचा.

"आणि एक चूक झालीय," डंकनने कॉम्प्युटरची स्क्रीन तिच्याकडे वळवली. "'कोणाची काळजी घेता?' असं विचारलंय, तिथे आई लिहायचं सोडून काय लिहिलंयस बघ. दुरुस्त करू?"

शीनाने वाचलं.

'मुलगी. वय चौपन्न. हट्टी. स्वतःचं जेवण उभ्यानेच उरकते. आठवड्यातून एकदा तरी माझ्याशेजारी बसून तिने गरम चहा प्यावा.'

"राहू दे तसंच," हसता हसता नाक पुसत शीना म्हणाली. "लिहिणारीने खरं तेच लिहिलंय."