लाल ठिपके

"बॉनेट उघडा," मी मिस्त्रींना म्हणालो. दुरुस्तीला दिल्यावर दोन वर्षांनी माझी डॉज त्यांच्या गॅरेजबाहेर उन्हात उभी होती. वडिलांनी एकोणपन्नास साली घेतलेली अमेरिकन गाडी. रविवारी पन्हाळ्यापर्यंत निवांत फिरता यावं म्हणून नवा निळा रंग, नव्या धर्तीचे ब्रेक आणि गाडी चाकांवर जरा खाली बसवणं, एवढेच बदल मी सांगितले होते. इंजिनचा एकही जुना भाग बदलायचा नाही, ही अट होती.

चाळीस वर्षं वकिली केली. कुणाच्या शब्दावर विसंबायची सवय नाही. गाडी सोपवण्याआधी मी बायकोच्या नेलपॉलिशने प्रत्येक अस्सल भागाच्या मागे, सहज दिसणार नाही असा लाल ठिपका लावला होता.

चष्मा सावरत वाकलो. कार्ब्युरेटर आरशासारखा चकाकत होता, आणि मागे ठिपका होता. डायनामोवर होता. पंपावरही होता. उगाच संशय घेतला म्हणून माझी मलाच लाज वाटली.

"सगळे आहेत ना, साहेब?" मिस्त्रींनी हात पुसत विचारलं.

"काय सगळे?"

"ठिपके. भाग अ‍ॅसिडनं धुतले तवा पार निघून गेले बघा. मग मीच परत लावले. म्हटलं, दिसले न्हाईत तर वकीलसाहेबांचा विश्वास बसायचा न्हाई."

हसत त्यांनी किल्ली माझ्या हातात ठेवली.

मी स्टार्टर दाबला. इंजिन पहिल्याच झटक्यात सुरू झालं. वडिलांच्या हातून ते असं कधीच सुरू झालं नव्हतं.