चालता टँगो

थोरलीचं बारसं झालं, त्याच वर्षी आमच्या ह्यांनी वरातीचा बँड सोडला आणि अकॉर्डियन घेऊन पुण्याच्या एका क्लबात लागले. जॅझ लवकर जमलं. टँगोला मात्र पाय थांबेनात. आजवर सगळं चालतच वाजवलेलं!

क्लबातल्या बँडचे गोव्याचे मिंगेल मास्तर चिडले. "धोंडीबा, ही वरात नाय रे! उभा राहून वाजव, नायतर उद्या गावाक जा."

उभं राहिलं की बोटं अडखळायची. शेवटी हे वाजवत वाजवत सरळ नाचणाऱ्यांत शिरले. जोडपी ह्यांच्या पावलांमागं वळू लागली.

"चाल बाबा, चाल!" मास्तर हसले. "टँगो म्हणजे तरी काय, चालणंच!"

पुढं मुंबईहून माणसं ऐकायला यायची. मी क्लबाच्या दारातूनच सांगायचे, "तो माझा नवरा."

गेल्या दिवाळीत, पाडव्याला सकाळी हे वारले.