आबांचा हुंकारा

हिलाल सर गप्पच. तोंडी परीक्षेला समोर बसलेली भूमिका त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली.

"उंबराला फूल कुठं असतं?" एवढं विचारून बाहेरून आलेले हे परीक्षक जे गप्प झाले, ते झालेच. भूमिकाने तर सगळं सांगितलं होतं. फुलं फळाच्या आतच असतात. बारीकशी माशी इवल्या भोकातून आत शिरते. शिरता शिरता तिचे पंख तुटतात, पण परागकण ती आतल्या फुलांपर्यंत पोचवते. अंडी घालते आणि तिथंच मरते. सरांचं हं नाही की हूं नाही. गालावर हात ठेवून नुसते बघत बसलेले.

झालं! चुकलं कुठंतरी. मागच्या खेपेला ती याच तोंडी परीक्षेत आपटली होती. आता पुन्हा आपटली, तर तिसऱ्या वर्षाला प्रवेश नाही. मग कसलं जळगाव नि कसलं कॉलेज? बसा एरंडोलला घरी.

मागच्या खेपेचं कारण साऱ्या वर्गाला ठाऊक होतं. भूमिकाच्या नोट्स म्हणजे लग्नातलं रुखवतच! रंगीबेरंगी पेनं, मॅडमचा शब्दन्‌शब्द वहीत. डोक्यात मात्र ठणठणगोपाळ. शेवटी बाकावरची मैत्रीण मोहिनी वैतागून म्हणाली होती, "अगं बाई, ती वही मीट आणि कुणाला तरी सांगून बघ. जिथं अडशील, तेवढं येत नाही समज."

सांगणार कुणाला? घरी वडील होते, आबा. संध्याकाळी अंगणात शेंगा फोडत बसलेले असायचे. लहानपणी तेच तिला गोष्टी सांगायचे आणि नियम एकच: ऐकणाऱ्याने मधूनमधून "हूं" म्हणायचं. हुंकारा नाही, तर गोष्ट नाही. आता भूमिका सांगायची आणि आबा हुंकारा द्यायचे. पण मधेच कधी हुंकारा बंद पडायचा. भूमिका मनात म्हणायची, घातला का घोळ! मग वही उघडून तेवढाच भाग बघायची, आपल्या शब्दांत दोन ओळी लिहायची, वही मिटायची आणि पहिल्यापासून सुरू. हुंकारा शेवटपर्यंत चालला की धडा पक्का. आबांच्या कानातून चूक सुटत नाही, असं ती मोहिनीला ठासून सांगायची.

आणि आज समोर हिलाल सर, तोंडाला कुलूप लावून!

तिने ओढणी सावरली आणि पहिल्यापासून सांगितलं, आणखी सोपं करून. सर गप्प. मग मुठीचं उंबर केलं, पेनाच्या टोपणाची माशी केली आणि तिसऱ्यांदा सांगितलं. सर तसेच. आता मात्र तिचा धीर सुटला.

"सर, हुंकारा तरी द्या हो! कुठं चुकलं ते मला कळणार कसं?"

सर दचकले आणि मग खो खो हसत सुटले. माणूस धुळ्याकडचा, हुंकारा म्हणजे काय ते त्यांना वेगळं सांगावं लागलं नाही.

"चुकलं कुठं? मार्क तर मी पहिल्याच वेळी दिले. तू पुन्हा सुरू केलंस, म्हटलं सांगू दे, झकास सांगतेय पोरगी!"

भूमिकाचे पाय जमिनीवर ठरेनात. बाहेर येऊन तिने आधी आबांना फोन लावला आणि एका दमात सारं सांगून टाकलं.

"पण आबा, तुम्ही बरं माझी चूक नेमकी पकडायचे हो! तिथंच हुंकारा थांबवायचे."

पलीकडे आबा घोटाळले.

"चूक? माले काय समजस वं माय, चूक नि बरोबर! त्या माशीना पंख तुटनात का, माले हूं म्हनानं ध्यानच ऱ्हाये नही."