मूळपुरुषाचा कागद

"कुणाचा विश्वास बसणार नाही, पण शास्त्रानं सिद्ध झालंय!" सोयरीक जुळवायला आलेल्या पाहुण्यांपुढे दाजीबा सरनोबतांनी तपासणीचा कागद फडकावला. "नुसती थुंकी पाठवली, तर आमचा मूळपुरुष तलवार घेऊन खैबरखिंडीतून उतरलेला निघाला. घोड्यासकट!"

"घोड्याचीही थुंकी पाठवली होती का?" मुलाच्या आत्यानं विचारलं. कॉलेजात जीवशास्त्र शिकवणाऱ्या त्या बाईंनी कागद डोळ्यांजवळ धरला. "अहो सरनोबत, यात मूळपुरुष कुठला? हा मायटोकॉन्ड्रियल डीएनए. तो फक्त आईकडून येतो. आईला तिच्या आईकडून, तिला तिच्या आईकडून. तुमची ही आईकडची वंशरेषा याच मातीत हजारो वर्षं मुरलेली. तुमच्या मातोश्री कुठल्या?"

दाजीबांनी बाईंच्या हातून कागद काढून घेतला. खडी फोडून त्यांना शिकवणारी आई या सोयऱ्यांना सांगायची, तर लेकीचं लग्न मोडलंच म्हणून समजा.

"त्या... राजघराण्यातल्या. मी रांगत असतानाच गेल्या," ते डोळे पुसत म्हणाले.

आतल्या खोलीचं दार खडखडलं. म्हातारा आवाज घुमला,

"खोटं बोलतुयास, मुडद्या! सकाळधरनं आईला कोंडून ठिवलंस, अन् आता मारूनबी टाकलंस?"