बुवांची पहिली रेकॉर्ड

"बुवा, असा आवाज शोधूनही सापडत नाही हो," दिग्दर्शक म्हणाला. जुन्या संगीत नाटकमंडळीवरच्या त्याच्या सिनेमासाठी बुवा एक पद गायले. पन्नास वर्षं रंगभूमीवर काढूनही त्यांची एकही रेकॉर्ड निघाली नव्हती. "आता माझ्यामागे काहीतरी राहील," असं सांगत त्यांनी प्रीमियरला सगळे शिष्य नेले.

पडद्यावर मंडळीचे मालक नवा गायक नट पारखत होते. पहिल्या उमेदवाराने तोंड उघडलं आणि बुवांचा आवाज आला. मालकांनी कानांत बोटं घातली. "हाकला रे ह्या रेड्याला!"

थिएटर पोट धरून हसलं. मागून कोणीतरी ओरडलं, "वन्स मोअर!"

वन्स मोअर नाकारायचा नाही, ही बुवांच्या काळची रीत. ते खुर्चीवरून उठले आणि पद पुन्हा पहिल्यापासून गाऊ लागले.