जेरुसलेमचा अंश
अमेरिकेतल्या युटा राज्यातल्या घरमालकीण एल्विरामावशींनी आपल्या डीएनएचा अहवाल भाडेकरू उपासनापुढे ठेवला. मावशी मूळच्या पेरूच्या आदिवासी. त्यांच्या पूर्वजांचा एक जथा जेरुसलेमहून जहाजाने अमेरिका खंडात आला, असं त्यांच्या मॉर्मन या ख्रिस्ती पंथाचा धर्मग्रंथ सांगतो. अहवालात जेरुसलेम नव्हतंच. म्हणून नातवाने धर्मप्रचाराला जाणं कॅन्सल केलं होतं. “तू जेनेटिक्सवाली ना? नीट शोध,” मावशी म्हणाल्या. उपासनाने पुन्हा आकडे पाहिले. “मावशी, माणसं मोजकीच आली असतील तर इतक्या शतकांत त्यांची खूण पुसलीही जाते.” “ऐकलंस?” मावशी शेजारी बसलेल्या नातवावर खेकसल्या. “म्हणजे ती आली होती, हे सिद्ध झालं?” त्याने विचारलं. उपासनाला खोटं बोलता येईना. “नाही.” “मग दारोदार जाऊन मी काय सांगू, आजी?” मावशींनी बाही कोपरापर्यंत सरकवली. “तपासणीला नुसती थुंकी दिली होती. आता रक्त काढ, पोरी, लागेल तेवढं.” थुंकीतला आणि रक्तातला डीएनए एकच, हे ठाऊक असलेल्या उपासनाने ती बाही हळूच खाली ओढली.