मॅडमचे गुडघे

"मॅडम, तुमचे गुडघे खरे आहेत की नवे बसवलेत?" मैत्रिणींनी पैज लावली म्हणून धावण्याच्या टीममधल्या एका मुलीने विचारूनच टाकलं.

साठीच्या कोच खांद्यावर वजनाचा दांडा घेऊन बैठका मारत होत्या. "आईने दिलेलेच आहेत. वजनं उचलते म्हणून टिकलेत. तू नुसती पळतेस, म्हणून वर्षात दोनदा लंगडलीस. तिसऱ्यांदा लंगडलीस तर टीममधून नारळ."

घरी येताच तिने वजनं उचलायचा विषय काढला. "बाबांना विचार," आई म्हणाली. एकेकाळी शर्यती गाजवलेले बाबा कठडा धरून, तिरके होत, एकेक पायरी जिना उतरत होते.

"ही हमाली कशाला?" ते वरूनच म्हणाले. "मी वीस वर्षं पळालो, कधी एक डंबेल उचललं नाही."

"दिसतंय ते, बाबा. म्हणूनच उद्यापासून मी उचलणार."